भाभांची मोजपट्टी

उरणजवळच्या द्रोणागिरीच्या पायथ्याशी, धरमतरच्या खाडीच्या तोंडावर करंजा हे कोळ्यांचे जुने गाव आहे. या गावाच्या उत्तरेला न्हावा-शेवाचे बंदर, त्यापुढे घारापुरीचे बेट आणि त्याच्याही पलीकडे पाण्याला टेकलेला तुर्भ्याचा डोंगर अशी ओळ लागते. करंजापासून तुर्भ्यापर्यंतचे सरळ रेषेतील अंतर जेमतेम २० किलोमीटर. त्या डोंगराच्या कुशीत १९५०च्या दशकात देशातील पहिली अणुभट्टी उभी राहिली आणि पनवेल-उरणपासून कुलाब्यापर्यंतच्या साऱ्या किनाऱ्याला एक नाव परिचयाचे झाले. ते नाव म्हणजे डॉ. होमी जहांगीर भाभा.

अणुऊर्जा कार्यक्रमाचे जनक ही भाभांची ओळख शाळेच्या पाठ्यपुस्तकातून प्रत्येकाला झालेली असते. जगभरच्या प्रयोगशाळांत मूलकणांचा अभ्यास करणाऱ्या तरुण शास्त्रज्ञाला मात्र भाभा हे नाव अणुभट्टीमुळे माहीत झालेले नसते. ते त्याला एका गणितामुळे माहीत असते. वयाची सव्वीस वर्षे नुकतीच पूर्ण होत असताना भाभांनी केलेले हे गणित पानांच्या हिशेबात लहान आहे. पुढे क्वार्क आणि ग्लुऑन या कणांचा शोध घेताना, त्यांच्या झोतांची मोजदाद करताना याच गणिताची मोजपट्टी शास्त्रज्ञांच्या हाती होती. ज्या माणसाने ती घडवली त्याने पुढे स्वतःचे गणित जवळजवळ सोडून दिले आणि इतरांना गणित करता यावे म्हणून संस्था उभारल्या. भाभांच्या आयुष्याचा हा दुसरा पदर फारसा सांगितला जात नाही.

अभियंता होण्यासाठी विलायतेला

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर हे ऑक्सफर्डमध्ये शिकलेले कायदेपंडित, आजोबा हॉर्मसजी हे म्हैसूर संस्थानातील शिक्षण खात्याचे वरिष्ठ अधिकारी. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. घरात ग्रंथसंग्रह होता, पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रिका होत्या आणि आत्याच्या घरी उद्योग, राजकारण, विज्ञान या विषयांवर थोरामोठ्यांच्या चर्चा कानांवर पडत. कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अशी वाट चालून १९२७ साली भाभा केंब्रिजच्या गॉन्व्हिल अँड कीज महाविद्यालयात दाखल झाले. विषय होता यंत्र अभियांत्रिकी. शिक्षण संपवून त्यांनी जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, अशी वडिलांची आणि दोराबजींची अपेक्षा होती.

केंब्रिजमध्ये पाऊल ठेवल्यावर मात्र या तरुणाचे मन यंत्रांत रमेना. १९२८ साली त्यांनी वडिलांना पत्र लिहून आपली ओढ पदार्थविज्ञानाकडे असल्याचे आणि मोठ्या कारखान्याचा यशस्वी माणूस होण्याची आपल्याला इच्छा नसल्याचे निक्षून कळवले. वडिलांनी नकार दिला नाही, पण एक अट घातली. अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण झाल्यास पुढे गणित शिकण्यासाठी केंब्रिजमध्ये राहण्याचा खर्च आपण देऊ, असे त्यांनी सांगितले. भाभांनी १९३० मध्ये ही अट पूर्ण केली आणि १९३२ मध्ये गणिताची परीक्षाही प्रथम वर्गातच पार केली. दोन्ही बाजूंनी शब्द पाळला गेला.

डिरॅक यांची छाया

त्या काळचे केंब्रिज म्हणजे पदार्थविज्ञानाची पंढरी होती. रुदरफर्ड यांची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा तेथे होती आणि भाभांना शिकवणाऱ्यांत पॉल डिरॅक होते. डिरॅक यांनी १९२८ साली इलेक्ट्रॉनचे जे समीकरण मांडले, त्याला एक विचित्र शेपूट होते. त्यातून ऋण ऊर्जेच्या अवस्थाही निघत होत्या. या अवस्था इलेक्ट्रॉनांनी आधीच भरलेल्या आहेत आणि त्यांतील एखादी जागा रिकामी झाली तर ते रिकामे भोक धन विद्युतभाराच्या कणासारखे वागेल, असा अर्थ डिरॅक यांनी लावला. १९३२ मध्ये अमेरिकेत कार्ल अँडरसन यांना विश्वकिरणांच्या छायाचित्रांत असा धनभारित कण सापडला. त्याला पॉझिट्रॉन हे नाव मिळाले. पाठोपाठ १९३३ मध्ये कॅव्हेंडिशमध्येच ब्लॅकेट आणि ओक्यालिनी यांनी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या जन्माला येताना टिपल्या.

भाभा नेमके या धामधुमीत संशोधनाला लागले. १९३३ साली विश्वकिरणांच्या शोषणावर त्यांचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षी आयझॅक न्यूटन शिष्यवृत्ती मिळाली. झुरिचमध्ये पाउली, रोममध्ये फर्मी आणि कोपनहेगनमध्ये बोर अशा दिग्गजांच्या सहवासात त्यांनी काम केले. १९३५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत त्यांनी एक प्रश्न हाती घेतला. वरवर पाहता तो अगदी साधा होता. एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले तर ते किती प्रमाणात कोणत्या दिशेने फेकले जातील?

अशा प्रश्नाला पदार्थविज्ञानात प्रकीर्णनाचा प्रश्न म्हणतात. दोन इलेक्ट्रॉनांच्या टकरीचे गणित डेन्मार्कच्या क्रिस्टियान मोलर यांनी १९३२ साली केले होते. तेच उत्तर विद्युतभाराचे चिन्ह बदलून पॉझिट्रॉनला लावता येईल का? पॉझिट्रॉन हा इलेक्ट्रॉनहून सर्वस्वी वेगळा कण मानला तर एक उत्तर येत होते. डिरॅक म्हणतात त्याप्रमाणे तो इलेक्ट्रॉनांच्या सागरातील रिकामी जागा असेल, तर दुसरेच उत्तर यायला हवे होते. कारण मग आदळणारा इलेक्ट्रॉन त्या रिकाम्या जागेत पडून दोघेही नाहीसे होऊ शकतात आणि त्या ऊर्जेतून नवी जोडी जन्म घेऊ शकते. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच फरक कळणार नाही. आत एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन गेले, बाहेरही एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन आले, एवढेच दिसेल.

म्हणजे एकाच घटनेला दोन वाटा झाल्या. पहिल्या वाटेत दोन्ही कण टिकून राहतात आणि त्यांच्यात प्रकाशकणाची देवाणघेवाण होते. दुसऱ्या वाटेत ते परस्परांचा नाश करून पुन्हा जन्मतात. व्यवहारातल्या हिशेबात अशा दोन वाटांच्या शक्यतांची थेट बेरीज केली जाते. पुंजवादाचा कायदा निराळा आहे. तेथे प्रत्येक वाटेला अ‍ॅम्प्लिट्यूड नावाची एक राशी असते. आधी या राशींची बेरीज करायची, त्यांच्या चिन्हांसकट, आणि मग आलेल्या बेरजेचा वर्ग करायचा. तो वर्ग म्हणजे घटना घडण्याची शक्यता. समजा, एका वाटेची राशी ३ आणि दुसरीची १ आहे. वेगवेगळे वर्ग करून मिळवले तर ९ अधिक १, म्हणजे १० येतात. आधी बेरीज केली तर ४ चा वर्ग १६ येतो. चिन्हे विरुद्ध असली तर २ चा वर्ग, म्हणजे अवघे ४ उरतात. दोन लाटा एकत्र आल्या की कधी उंच होतात आणि कधी एकमेकींना गिळतात, तसेच हे आहे. दुसरी वाट दुबळी असली तरी ती उत्तर पालटून टाकू शकते.

भाभांनी दोन्ही वाटांच्या राशी डिरॅक यांच्या सिद्धांतावरून काढल्या, त्यांची चिन्हे काळजीपूर्वक ठरवली आणि कोणत्या ऊर्जेला, कोणत्या कोनात, किती कण फेकले जातील याचे सूत्र दिले. वेग कमी असताना दुसऱ्या वाटेचा परिणाम नगण्य राहतो. वेग प्रकाशाच्या जवळ पोचू लागला की तो ठळक होतो, हे त्यांनी दाखवले. हा निबंध १९३६ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आज विद्यार्थी अशा वाटांच्या आकृत्या काढून चार-दोन तासांत हे उत्तर मिळवतात. त्या आकृत्या फाइनमन यांनी १९४९ मध्ये प्रचारात आणल्या. भाभांच्या हाती त्या नव्हत्या. पॉझिट्रॉन सापडून तीन-चार वर्षेच झाली होती आणि डिरॅक यांच्या सागराच्या कल्पनेवर थोरामोठ्यांचाही पुरता विश्वास बसलेला नव्हता. पुढे प्रयोगांनी दुसऱ्या वाटेची साक्ष दिली. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या या टकरीला भाभा प्रकीर्णन असे नाव कायमचे चिकटले.

आकाशातून उतरणारा वर्षाव

पाठोपाठ १९३७ मध्ये भाभांनी वॉल्टर हाइटलर यांच्यासह दुसरे मोठे काम केले. विश्वकिरणांच्या नोंदींत एक कोडे होते. वातावरणात किंवा शिशाच्या पत्र्याखाली एकदम पुष्कळ कणांचा वर्षाव नोंदला जाई. एवढे कण एकाच वेळी येतात कोठून? भाभा आणि हाइटलर यांनी दाखवले की ते एकाच वेळी जन्मत नाहीत. वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्रकाजवळून जाताना प्रखर ऊर्जेचा प्रकाशकण बाहेर टाकतो. त्या प्रकाशकणातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी निघते. त्या जोडीतील प्रत्येक कण पुन्हा प्रकाशकण टाकतो. एकाचे दोन, दोनाचे चार असे करता करता शेकडो कण होतात आणि ऊर्जा वाटली जाऊन संपत आली की वर्षाव थांबतो. अमेरिकेत कार्लसन आणि ओपेनहायमर त्याच सुमारास याच उत्तरापाशी पोचले.

या गणितातून आणखी एक निष्कर्ष निघाला. वर्षावाचा हिशेब इलेक्ट्रॉनांना चपखल लागू पडत होता, पण विश्वकिरणांतील काही कण जाड शिसे पार करून बिनबोभाट खाली येत होते. ते इलेक्ट्रॉन असणे शक्य नव्हते. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या मधल्या वस्तुमानाचे हे कण असले पाहिजेत, असे १९३८ मध्ये भाभांनी आपल्या हिशेबावरून मांडले. असे कण अस्थिर असतील तर वेगाने धावताना त्यांचे आयुष्य लांबलेले दिसेल आणि त्यातून आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतावादाची थेट परीक्षा होईल, हेही त्यांनी त्याच वर्षी लिहिले. काही वर्षांतच प्रयोगांनी ते खरे ठरवले. मेसॉन हे नाव रूढ होण्यातही भाभांचा वाटा होता.

सुट्टीवर आलेला माणूस

१९३९ साली भाभा सुट्टीसाठी मुंबईला आले आणि दुसरे महायुद्ध पेटले. परतीची वाट बंद झाली. १९४० मध्ये ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. सर चंद्रशेखर व्यंकट रामन तेथे होते. विश्वकिरणांच्या संशोधनासाठी भाभांना स्वतंत्र विभाग मिळाला. बंगळूर विषुववृत्ताच्या जवळ असल्याने तेथे येणारे विश्वकिरण युरोप-अमेरिकेतल्यापेक्षा वेगळ्या ऊर्जेचे होते. फुग्यांना उपकरणे बांधून ती आकाशात सोडण्याचे काम सुरू झाले. हरीश-चंद्र यांच्यासारखा पुढे जगद्विख्यात झालेला गणिती तेव्हा त्यांच्या हाताखाली तरुण संशोधक म्हणून काम करीत होता. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, भाभा रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

या पाच वर्षांत भाभांचे मन पालटले. युद्ध संपताच केंब्रिजला परत जाण्याचा मूळ बेत त्यांनी सोडला. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत पदार्थविज्ञानाची एक स्वतंत्र संस्था काढण्याची कल्पना मांडली. एक-दोन दशकांनी अणुऊर्जेपासून वीज निर्माण होऊ लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, असा त्यामागचा विचार होता. हिरोशिमावर बॉम्ब पडायला तेव्हा सतरा महिने अवकाश होता. १ जून १९४५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजेच टीआयएफआर, बंगळूरमध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती मुंबईच्या पेडर रोडवरील केनिलवर्थ बंगल्यात आली. गणित आणि इतिहास या दोन्ही क्षेत्रांत नाव मिळवणारे दामोदर धर्मानंद कोसंबी सुरुवातीच्या सदस्यांपैकी होते. १९४९ मध्ये संस्था अपोलो बंदराजवळच्या जुन्या यॉट क्लबात गेली आणि अखेर कुलाब्याच्या टोकाला समुद्रकाठी तिची स्वतःची इमारत उभी राहिली. पंडित नेहरूंनी १९५४ मध्ये तिची पायाभरणी केली आणि १९६२ मध्ये उद्घाटन केले.

संस्था कशी असावी याविषयी भाभांचे मत ठाम होते. आधी इमारत बांधायची आणि मग माणसे शोधायची, हा क्रम त्यांना मान्य नव्हता. चांगला माणूस सापडला की त्याच्याभोवती विभाग वाढू द्यायचा, ही त्यांची रीत. विश्वकिरणांचा अभ्यास, शुद्ध गणित, कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर मांडलेली उपकरणे, देशात घडवलेला टीआयएफआरएसी हा संगणक, अशा निरनिराळ्या दिशांनी काम फोफावले. संस्थेच्या भिंतींवर हुसेन यांच्यासारख्या चित्रकारांची चित्रे लागली. भाभा स्वतः उत्तम रेखाचित्रे काढीत. बाग, झाडे, फर्निचर, वाचनालयातील उजेड या साऱ्यांवर त्यांची नजर असे.

गणित मागे पडले

ऑगस्ट १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ पासून तुर्भ्याला केंद्र उभे राहू लागले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही आशियातील पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक कार्यान्वित झाली. सायरस १९६० मध्ये सुरू झाली. १९५५ मध्ये जीनिव्हात भरलेल्या अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेचे अध्यक्षपद भाभांकडे होते. समिती, अंदाजपत्रके, परदेश दौरे, करार यांत दिवस जाऊ लागले.

या साऱ्याची किंमत त्यांच्या संशोधनाने मोजली. अधिक फिरकीच्या कणांची समीकरणे आणि वर्षावाचे संभाव्यताशास्त्र यांवर १९५०च्या सुमारापर्यंत ते लिहीत राहिले. नंतर ते लेखन ओसरत गेले. फ्रेंच गणिती जाक आदामार यांनी १९५०च्या दशकात भाभांचे नाव नोबेल पारितोषिकासाठी एकाहून अधिक वेळा सुचवले होते. पारितोषिक मिळाले नाही. मूलकणांच्या विज्ञानात त्याच वर्षांत भूकंप होत होते. नवनवे कण सापडत होते, जुन्या अडचणी सोडवण्याच्या नव्या पद्धती जन्मत होत्या. ज्या पटावर भाभांनी पहिल्या खेळी केल्या होत्या, तेथे आता दुसरे खेळत होते.

त्यांच्या निर्णयांवर टीकाही झाली. अणुसंशोधन विद्यापीठांपासून तोडून स्वतंत्र संस्थांत एकवटण्याला मेघनाद साहा यांचा विरोध होता. उत्तम माणसे आणि पैसा अशा संस्थांकडे वळला की विद्यापीठे कोरडी पडतील, ही भीती अगदीच निराधार ठरली असे म्हणता येत नाही. भाभांपुढचा पेच वेगळा होता. देशात संशोधकांची संख्या अत्यल्प होती आणि ती विखुरली तर काहीच उभे राहणार नाही, असे त्यांना वाटत होते.

२४ जानेवारी १९६६ रोजी भाभा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला निघाले होते. एअर इंडियाचे कांचनजंगा हे बोइंग विमान जीनिव्हाला उतरण्याच्या तयारीत असताना माँ ब्लाँच्या पर्वतावर आदळले. विमान शिखराच्या पलीकडे गेले आहे, असा वैमानिकाचा गैरसमज झाल्याचे फ्रेंच चौकशीत निष्पन्न झाले. विमानातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. भाभा तेव्हा ५६ वर्षांचे होते. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या निधनाला अवघे तेरा दिवस उलटले होते. पुढच्या जानेवारीत तुर्भ्याच्या केंद्राला भाभांचे नाव देण्यात आले.

मृत्यूनंतरचे काम

माणूस गेला, पण गणिताचे काम तेव्हा कुठे सुरू होत होते. भाभा हयात असतानाच, १९६१ मध्ये इटलीतील फ्रास्काती येथे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकाच कड्यात फिरवून एकमेकांवर आदळवण्याचे पहिले यंत्र तयार झाले होते. अशी यंत्रे मोठी होऊ लागली तेव्हा एक व्यावहारिक अडचण पुढे आली. एखादी नवी घटना शंभर वेळा दिसली, तर ती वारंवार घडणारी की दुर्मीळ? त्यासाठी मुळात किती कणांना टक्कर घेण्याची संधी मिळाली, हे ठाऊक हवे. झोत इतके सूक्ष्म असतात की त्यांची घनता थेट मोजून पुरेसे अचूक उत्तर मिळत नाही.

उपाय सोपा होता. ज्या घटनेची शक्यता गणिताने नेमकी ठाऊक आहे आणि जी भरपूर वेळा घडते, तिची मोजणी करायची आणि तिच्यावरून बाकीच्यांचा भाव ठरवायचा. लहान कोनात होणारे भाभा प्रकीर्णन अशा कामाला सर्वांत योग्य ठरले. बाजारात वजनमाप तपासायला प्रमाणित वजन लागते. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्रांत ते काम १९३६ च्या त्या निबंधातून वाढत गेलेल्या गणिताकडे आले.

या मोजपट्टीने काय मोजले गेले? १९६४ मध्ये प्रोटॉनसारखे कण क्वार्कचे बनलेले आहेत, असा विचार पुढे आला. क्वार्क सुटा दिसत नाही. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन परस्परांचा नाश करतात तेव्हा कधी कधी त्या ऊर्जेतून क्वार्क आणि प्रतिक्वार्क विरुद्ध दिशांना सुटतात. ही भाभांची दुसरी वाटच आहे, फक्त शेवटी जन्मणारी जोडी वेगळी. बाहेर येताना प्रत्येक क्वार्कचे रूपांतर एकाच दिशेने धावणाऱ्या कणांच्या घोळक्यात होते. या घोळक्याला जेट म्हणतात. १९७५ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या यंत्रावर अशा दोन जेटची चिन्हे दिसली. १९७९ मध्ये हँबर्गच्या पेट्रा यंत्रावर काही घटनांत तीन जेट दिसले. तिसरा जेट क्वार्कमधून निसटलेल्या ग्लुऑनचा होता. क्वार्कांना बांधून ठेवणारा हा कण अशा रीतीने प्रथम डोळ्यांसमोर आला.

क्वार्क आणि ग्लुऑन यांच्या शास्त्राला क्वांटम क्रोमोडायनॅमिक्स म्हणतात. १९७३ मध्ये त्याचा पाया पक्का झाला. यातही भाभांचाच कायदा चालतो. घटनेच्या सर्व वाटा शोधायच्या, प्रत्येकीची राशी काढायची, बेरीज करून वर्ग करायचा. फरक एवढाच की प्रकाशकण एकमेकांशी थेट बोलत नाहीत आणि ग्लुऑन बोलतात. त्यामुळे वाटांची संख्या भडकते. दोन ग्लुऑन आदळून दोन बाहेर पडण्याच्या घटनेला साध्या पातळीवर ४ आकृत्या लागतात, तीन बाहेर पडायला २५, चार बाहेर पडायला २२० आणि आठ बाहेर पडायला एक कोटीहून अधिक. भाभांच्या प्रश्नात त्या दोन होत्या. १९८६ मध्ये स्टीफन पार्क आणि टॉमस टेलर यांनी दाखवले की विशिष्ट प्रकारच्या ग्लुऑन टकरींत या प्रचंड बेरजेचे उत्तर एका ओळीत मावते. तेव्हापासून अशी छोटी उत्तरे शोधण्याची एक स्वतंत्र शाखाच वाढली.

भाभा-हाइटलर यांचा वर्षावही येथे पुन्हा भेटतो. वेगवान क्वार्क ग्लुऑन टाकतो, ग्लुऑनचे दोन ग्लुऑन होतात किंवा क्वार्क-प्रतिक्वार्कची जोडी होते आणि ऊर्जा वाटली जात जात फांद्या फुटत राहतात. जेट घडण्याच्या पहिल्या टप्प्याचा हिशेब संगणक याच तऱ्हेने करतात. नियम वेगळे, भार वेगळे, पण एकाचे दोन आणि दोनाचे चार ही रीत आकाशातल्या वर्षावाचीच आहे.

या मोजपट्टीची सर्वांत कठीण परीक्षा जीनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत झाली. माँ ब्लाँचे शिखर तेथून दिसते. १९८९ ते २००० या काळात २७ किलोमीटर परिघाच्या लेप यंत्रात झेड नावाचे कण लाखोंनी निर्माण करण्यात आले. बहुतेक झेड कणांतून क्वार्कचे जेट निघत, काहींतून अदृश्य न्यूट्रिनो. निसर्गात हलक्या न्यूट्रिनोंचे प्रकार किती, हे यावरून ठरवायचे होते आणि त्यासाठी भाभा प्रकीर्णनाची मोजणी हजारात एका भागाहूनही अचूक हवी होती. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला एकत्रित निकाल २.९८४ होता. अपेक्षित उत्तर ३. तफावत लहान, पण खुपणारी होती. पुढे संशोधकांनी झोतांचा परस्परांवरील परिणाम आणि भाभा प्रकीर्णनाचे गणित पुन्हा तपासले. २०२० मध्ये सुधारलेला आकडा २.९९६ आला आणि तफावत मिटली. निसर्गात काही चुकले नव्हते. मोजपट्टी आणि तिचे वाचन यांत किंचित फरक राहिला होता. भाभांच्या मृत्यूनंतर ५४ वर्षांनीही त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आणखी एका दशांश स्थळापर्यंत नेण्याची गरज पडली.

लेप यंत्रावरच्या चार प्रयोगांपैकी एल-३ या प्रयोगात टीआयएफआरचे संशोधक सहभागी होते. त्याच बोगद्यात पुढे प्रोटॉन आदळवणारे यंत्र बसले. तेथील सीएमएस या प्रयोगासाठी बाहेरचा हॅड्रॉन कॅलरीमीटर टीआयएफआर आणि पंजाब विद्यापीठाने तयार केला. जेटमधील जे कण आतल्या थरांतून निसटतात, त्यांची ऊर्जा हा थर पकडतो. तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये म्हणून काढलेल्या संस्थेने परदेशातल्या यंत्राला स्वतःचा भाग पुरवला.

भाभांनी पस्तिशीत संस्था काढली नसती आणि ते केंब्रिजला परतले असते, तर त्यांच्या हातून आणखी काय घडले असते, याचा हिशेब कोणालाच मांडता येणार नाही. सोडून दिलेल्या वाटेची राशी बेरजेत धरता येत नाही. हाती उरते ते प्रत्यक्ष झालेले काम. जपानमधील त्सुकुबा येथे २०१९ पासून बेल-२ हा प्रयोग पूर्ण क्षमतेने माहिती गोळा करू लागला. त्याच्या सिलिकॉन डिटेक्टरचा एक थर टीआयएफआरच्या गटाने उभारला आहे. तेथेही टकरी मोजायला भाभा प्रकीर्णनच वापरतात. कणशास्त्रज्ञांच्या रोजच्या बोलण्यात त्याचे लांबलचक नाव गळून पडले आहे. नियंत्रण कक्षात बसलेला विद्यार्थी रात्रपाळीच्या नोंदीत आज किती भाभा आले, एवढेच लिहितो. त्याच्या लेखी तो माणूस नसून मोजायची घटना असते, आणि ती मोजल्याशिवाय पुढचा कोणताच आकडा लिहिता येत नाही.